किशोरवयीन ओळखीची प्रश्नावली सीमाभागात आणताना: कामाच्या नोंदी

९ जून

शाळा सुरू झाल्यात, परवानगीचं पत्र हातात आलंय, आता टंगळमंगळ करायला कारण उरलेलं नाही. काम काय आहे ते एकदा नीट लिहून ठेवते कारण टीममधे नवीन आलेली दोघं रोज तेच विचारतात आणि मी रोज वेगळं सांगते. तेरा ते सतरा वयाच्या पोरापोरींचं "मी कोण, मला पुढं काय व्हायचंय" हे कितपत ठरलंय, ठरवताना किती चाचपणी केली, ठरलेलं परत मोडावंसं वाटतंय का, हे मोजणारी प्रश्नावली मराठीत आणि कन्नडात एकाच वेळी तयार करायची. भाग म्हणजे बेळगाव शहर, येळ्ळूर आणि सुळगा बाजूची गावं, खानापूर तालुका आणि निपाणी.

विषयाचं मूळ एरिक एरिक्सनकडं जातं, १९५० च्या पुस्तकात आणि मग १९६८ च्या पुस्तकात त्यानं किशोरवयाचं मुख्य काम ओळख घडवणं हेच असं मांडलं. १९६६ मधे जेम्स मार्सियानं ते मुलाखतीत पकडता येईल असं केलं, बघायचं दोनच गोष्टींकडं, शोध घेतला का आणि काही पक्कं धरलं का. त्यातून चार खाने पडतात: शोधून ठरवलेले, अजून शोधणारे, न शोधताच ठरवून बसलेले, आणि कशातच नसलेले. त्यातला तिसरा खाना, फोरक्लोजर म्हणतात तो, आईबापानं सांगितलं ते उचललं आणि चालू पडला असा. पाश्चात्त्य पुस्तकांत याच्याकडं जरा नाक मुरडून बघतात. आपल्याकडं गाडी इथंच अडणार असं मला पहिल्यापासून वाटतंय.

कुठली प्रश्नावली घ्यायची यावर काम बघणाऱ्या मॅडमशी बरंच बोलणं झालं. बेनियन आणि अ‍ॅडम्सची १९८६ ची आहे पण ती ६४ विधानांची, वर त्यात डेटिंग, राजकारण, धर्म सगळं, ती घेऊन हायस्कूलच्या दारात गेलो तर हेडमास्तर चहा पाजून परत पाठवतील. २००८ ची डिड्स म्हणून एक प्रश्नावली २५ विधानांची आहे, तिच्यात रुंद शोध (वेगवेगळे पर्याय बघणं) वेगळा आणि खोल शोध (धरलेल्याच गोष्टीचे बारकावे बघणं) वेगळा मोजतात, नुसतं कुढत बसणंही वेगळं मोजतात, ती मला मनापासून आवडते. शेवटी यू-मिक्स नावाची प्रश्नावली ठरली, तीही २००८ ची, क्रोचेत्ती, रुबिनी आणि मेउस यांची. एका विषयाला १३ विधानं: पाच कमिटमेंटची (काही पक्कं धरलं का), पाच खोल शोधाची, तीन "परत विचार करावासा वाटतो" याची. विषय दोन, शिक्षण आणि जवळचा मित्र किंवा मैत्रीण. लहान आहे, पुष्कळ देशांत वापरून झालीय, एका तासिकेत बसते. तिच्या जोडीला फिनी आणि ओंगची २००७ ची सहा विधानांची समूह-ओळखीची प्रश्नावली. ती घेऊ नका असं दोघातिघांनी सांगितलं, मॅडम म्हणाल्या बेळगावात ओळखीवर काम करायचं आणि तेवढंच सोडून द्यायचं हे काय बरोबर दिसणार नाही.

१५ जून

पहिला मराठी अनुवाद दोघांनी स्वतंत्र केला, एक मी आणि एक हायस्कूलमधून रिटायर झालेले मराठीचे सर, ज्यांना मानसशास्त्राचा गंध नाही आणि तो नसावा म्हणूनच त्यांना घेतलं. कन्नड बाजूला आमच्या टीममधली अक्का आणि तिचा एक विद्यार्थी. मग चौघं एकत्र बसून विधान-विधान भांडलो.

एक निर्णय लगेच झाला. इंग्रजीत "मी" ला लिंग नाही, कन्नडातही नाही, "नानु माडुत्तेने" मुलगा म्हणो की मुलगी, एकच. मराठीत "करतो" आलं की मुलगा ठरला. तिरकी रेघ मारून दोन्ही छापायची ही सगळ्यांची पळवाट, पण पोरं तेरा ओळीत तेरा रेघा बघून वाचायचा कंटाळा करतात, आणि आपल्याकडं तर कितीतरी मुली बोलताना सरळ "मी येतो, मी जातो" म्हणतात, घरी मीसुद्धा तसंच बोलते. तर सगळी विधानं "मला वाटतं", "माझा प्रयत्न असतो", "माझ्या मनात येतं" अशी फिरवून घेतली. सरांना ती भाषा फार गुळगुळीत वाटली, पण त्यांनीच शेवटी बसून चांगली करून दिली.

२८ जून

उलट अनुवाद आला. मूळ इंग्रजी न दाखवता दुसऱ्या माणसाकडून मराठीचं परत इंग्रजी करून घ्यायचं, ब्रिस्लिननं १९७० मधे ही पद्धत लिहिली तेव्हापासून सगळे हेच करतात आणि पेपरात एक ओळ टाकून मोकळे होतात. आमचं उलट इंग्रजी इतकं छान आलं की मूळ विधानाशेजारी ठेवलं तर कुठलं कुठलं ते कळू नये. टीम खूश.

मी तेवढी खूश नाही, आणि ते मी मीटिंगमधे बोलले. उलट अनुवाद करणारा एमए झालेला माणूस असतोय, त्याला खडबडीत वाक्य दिलं तरी तो अर्थ बरोबर काढतो आणि इस्त्री केलेलं इंग्रजी लिहून देतो, त्यात आपली मराठी आठवीच्या पोराला झेपते का हे कुठं दिसणार. आंतरराष्ट्रीय टेस्ट कमिशनच्या दुसऱ्या आवृत्तीत, २०१७ ची ती, १८ सूचना आहेत, त्यातल्या थोड्याच अनुवादाबद्दल आहेत, बाकी सगळं परवानगी, संकल्पना, प्रश्नावली भरून कशी घेतली, गुण कसे लावले याच्यावर. व्हॅन डी व्हायव्हर गडबडीचे तीन प्रकार सांगतात: संकल्पनाच तिथं वेगळी असणं, पद्धतीतून शिरणारी गडबड, आणि एखाद्या विधानापुरती गडबड. आपण सगळा जीव तिसऱ्यावर लावतो कारण ते टेबलावर बसून करता येतं.

१२ जुलै

जांबोटी बाजूला पाऊस असा लागलाय की शाळांना सुट्टी. दोन शाळांच्या तारखा पुढं ढकलल्या. घरी बसून मुलाखतीचे पोटप्रश्न लिहिले.

२० जुलै

शहराजवळच्या एका हायस्कूलमधे नववीच्या वर्गात कागद पहिल्यांदा पोरांच्या हातात दिला. बघण्यासारखं होतं.

पर्याय आम्ही मूळाप्रमाणं ठेवले होते, "पूर्णपणे खोटं" पासून "पूर्णपणे खरं" पर्यंत पाच. कागद वाटून झाला तसं पहिल्या बाकावरच्या एकानं पट्टी काढली, डावीकडं समास आखला, वर उजव्या कोपऱ्यात हजेरी नंबर टाकला आणि "टीचर, बरोबर उत्तर शेवटी सांगणार काय?" म्हणून विचारलं. नाव-नंबर घालायचा नाही असं मी दोनदा सांगून झालं होतं. मागच्या बाकावर तिघांनी आपसात ठरवून सगळीकडं पाच. एक मुलगी खोडरबरानं घासून घासून कागद फाटायची वेळ आली तरी चारचं पाच, पाचचं चार करत होती, विचारलं तर म्हणाली, "चुकलं तर मार्क जातात की." वर्गशिक्षक मदतीला म्हणून बाकांमधून फिरत होते आणि एखाद्याचं तीन दिसलं की "अरे, शिक्षणाबद्दल असं लिहितात काय" म्हणून डोक्यावर टपली. त्यांचा हेतू चांगलाच होता.

"खरं-खोटं" म्हणजे आपल्या पोरांना सरळ पेपरातला "चूक की बरोबर ते लिहा" हा प्रश्न, आणि त्याला उत्तर एकच असतं. त्यात आदरणीय माणूस शेजारी उभा. अशा वेळी विधान कितीही सुरेख मराठीत असू दे, पोरगं विधानाला उत्तर देतच नाही, ते शाळेला उत्तर देतंय.

पर्याय बदलले. "माझ्याशी अजिबात जुळत नाही" ते "माझ्याशी एकदम जुळतं". "जुळतंय" हा शब्द पोरांकडूनच आला. सुरुवातीला सरावाची दोन विधानं घातली ज्यात बरोबर-चूक काही नाही. टीममधल्या एकानं "मला कुंदा आवडतो" सुचवलं, पण कुंदा ही बेळगावचीच मिठाई, इथं त्याला सगळे पाचच लिहिणार, मग सराव कसला. "मला सकाळी लवकर उठायला आवडतं" घेतलं, त्याला छान एक ते पाच सगळं येतंय आणि वर्ग हसतोय, हसला की खांदे सैल पडतात.

३ ऑगस्ट

एकेका मुलाबरोबर बसून मुलाखती सुरू. पद्धत अशी की विधान मोठ्यानं वाचायचं, मनात काय येतं ते बोलत बोलत उत्तर द्यायचं, आम्ही मधे मधे "म्हणजे काय रे", "कशाची आठवण झाली" असं विचारायचं.

आजचा एक मुलगा सविस्तर लिहिते. दहावीत, येळ्ळूर भागातला, वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून रिटायर, चुलताही तिथंच होता. त्यालाही तिथंच जायचंय, लहानपणापासून, दुसरा विचारच नाही. मार्सियाचं पुस्तक उघडून बसलं तर हा सरळ तिसऱ्या खान्यात, बापाचं उचललं आणि शोध शून्य. "आपल्या शिक्षणाबद्दल बरंच काही शोधून काढायचा माझा प्रयत्न असतो" या विधानावर त्यानं दोन लिहिलं. मी विचारलं का दोनच, तर म्हणतो, "शोधायचं काय त्यात टीचर, धावायचं आहे." पहाटे पाचला उठून राजहंसगडाच्या रस्त्यानं पळायला जातो. सोळाशे मीटरला आपला किती वेळ लागतो, गेल्या उन्हाळ्यात किती लागत होता, बीममधे हात कुठं सुटतात, छातीचं माप किती कमी पडतंय, हे त्यानं दहा मिनिटं न थांबता सांगितलं. भरतीत नापास झालेल्या पोरांना गाठून त्यांना काय जमलं नाही तेही विचारून ठेवलंय. आता याला खोल शोध नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं. त्यानं रुंद शोध घेतलेला नाही एवढंच, दुसऱ्या दुकानात डोकावलाच नाही. डिड्स यासाठीच आवडते म्हटलं होतं.

पुढं तो थोडा थांबला. अग्निवीरची योजना २०२२ मधे आली, चार वर्षं नोकरी आणि त्यातले पंचवीस टक्केच पुढं कायम. "वडिलांच्या वेळचं वेगळं होतं. चार वर्सांनी परत आलो तर गावात काय म्हणून फिरू?" आणि मग "दुसरं काही बघितलं तर बरं असं माझ्या मनात येतं" याच्यावर एकाचं तीन केलं. म्हणजे कमिटमेंट बापाकडून आलेली, शोध पायानं घेतलेला, आणि फेरविचार सरकारी योजनेनं आणून दिलेला. तिन्ही मापं एका पोरात मला इतकी स्वच्छ क्वचितच दिसली असती, पण नुसता कागद बघितला असता तर शोध कमी, कमिटमेंट जास्त, फोरक्लोजर, पुढचा.

विधानात "शोधून काढायचा" च्या जागी "माहिती काढायचा, तयारी करायचा" असं काही घालावं का यावर अक्काचं म्हणणं, तयारी घातली की मोजमाप बदलेल, तयारी म्हणजे कमिटमेंटच झाली. तिचं बरोबर आहे. "चौकशी करून बारकावे समजून घ्यायचा" असं ठरलं, पुढच्या मुलाखतीत बघायचं.

९ ऑगस्ट

शिक्षण हा विषयच इथं वेगळा पडतोय. प्रश्नावली नेदरलँड्समधली. तिकडं बाराव्या वर्षाच्या आसपास पोरं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात, एक व्यवसायाकडं जाणारी, एक विद्यापीठाकडं, त्यामुळं "माझं शिक्षण" म्हटलं की पोराला आपण निवडलेली किंवा आपल्या वाट्याला आलेली एक ठराविक वाट दिसते आणि "दुसरं शिक्षण बघावं का" हा त्याच्या रोजच्या जगण्यातला प्रश्न. आपल्याकडं एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, सगळ्यांना तेच सहा विषय. निवड दोनदाच येते: पहिलीत माध्यम, ते आईबाप ठरवतात, आणि दहावीनंतर पीयूसी (अकरावी-बारावी), आयटीआय की डिप्लोमा.

तर वडगावातली एक नववीची मुलगी, मराठी माध्यम, घरात पॉवरलूम, आई कांड्या भरते. "दुसरं शिक्षण" वाचल्यावर ती म्हणाली, "म्हणजे इंग्लिश मीडियम की." आणि मग जे सुरू झालं ते माझ्या वहीत दोन पानं आहे. धाकट्या भावाला इंग्लिश मीडियमला घातलंय. ही आणि तिची थोरली बहीण मराठीत. पीयूसीला सायन्स घ्यायचंय पण तिथं सगळं एकदम इंग्रजीत, बहिणीनं पहिल्या सहामाहीत रडून कॉमर्सला बदलून घेतलं. "मी जातो की रोज क्लासला, इंग्लिशच्या." तिनं फेरविचाराच्या तिन्ही विधानांना पाच-पाच दिले. पण हा फेरविचार तिच्या स्वतःच्या कमिटमेंटचा आहे का? निर्णय तिचा नव्हताच, ती आईबापाच्या आठ वर्षांपूर्वीच्या निर्णयाचा हिशोब मांडत होती. संकल्पनेची गडबड म्हणतात ती ही. शब्द बदलून हे सुटत नाही.

मराठी शाळांची पटसंख्या घसरतीय हे आपण सगळे बघतोय आणि त्यावर भाषणं ऐकतोय. वर्गात मागं राहिलेल्या पोरींच्या डोक्यात त्याचं काय होतं हे मात्र भाषणात येत नाही.

मॅडमशी फोनवर बोलले. ठरलं की यू-मिक्सचा शिक्षणाचा भाग "दहावीनंतर मला जे करायचंय" यावर बांधायचा, आधी पोरानं ते एका ओळीत लिहायचं, "अजून ठरलं नाही" हाही पर्याय, मग तेरा विधानं त्या ओळीबद्दल. माध्यमाबद्दल वेगळे चार साधे प्रश्न, त्यांचे गुण यू-मिक्समधे मिसळायचे नाहीत. यानं इतर देशांच्या आकड्यांशी सरळ तुलना करता येणार नाही, हे पेपरात स्पष्ट लिहायला लागेल. यू-मिक्सवर दहा देशांचा २०१५ चा अभ्यास आहे पण तो विद्यापीठातल्या मुलांवरचा, तिकडं आपली नववी घेऊन जायचं तसंही कारण नव्हतं.

२३ ऑगस्ट

मैत्रीचा भाग. मुलींना सोपा गेला, प्रत्येकीला एक जिवलग मैत्रीण आहे आणि तिचं नाव मनात धरून त्या भराभर लिहितात. मुलांचं तसं नाही, "एकटा कोण नाही टीचर, ग्रुप हाय." गल्लीतली पोरं, मंडळाची पोरं, गणपती तोंडावर असल्यामुळं सगळे वर्गणी आणि मंडपाच्याच गोष्टी सांगतात. त्यांना एकच निवड म्हटलं की शेजारी बसलेल्याचं नाव सांगतात, कारण दुसऱ्याचं सांगितलं तर तो ऐकेल.

आणि "नवीन जवळचा मित्र शोधावा असं माझ्या मनात येतं" याला जवळजवळ सगळेच एक. का विचारलं तर चेहऱ्यावर असं की मी काहीतरी वाईट बोलले. दोस्त बदलणं म्हणजे गद्दारी. खाली एक लिहिणाऱ्यातच एकानं नंतर शांतपणे सांगितलं की त्याचा दोस्त आता तंबाखू खातो, आई म्हणते त्याच्यात जाऊ नको, तो स्वतः पण आता संध्याकाळी जात नाही. हाच फेरविचार, पण कागदावर तो एकच लिहिणार. हे विधान "आमच्या मैत्रीबद्दल परत विचार करावा असं कधी कधी वाटतं" असं मवाळ करून बघायचं ठरलं. मला शंका आहे. मवाळ केलं की उत्तरं पसरतील पण मग मूळ माप राहतंय का, हे मोठ्या चाचणीतच कळेल.

६ सप्टेंबर

संमतीपत्रं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांप्रमाणं अठराच्या खाली पालकांची संमती आणि बारा ते अठरा मुलाची स्वतःची लेखी सहमती. कागद घरी पाठवले, परत फार थोडे आले. चौकशी केली तर एका पालकानं विचारलं आधारची झेरॉक्स जोडायची काय, दुसऱ्यानं विचारलं हे शाळा कन्नडात करायचं चाललंय त्याच्यासाठी सह्या घेतात काय. पत्र मराठीत होतं तरी! तिसरे एक आजोबा स्वतः शाळेत आले, सही केली आणि म्हणाले, "बाई, आमच्या लेकराचं कुठं नाव येऊ देऊ नका एवढंच."

इथं भाषेचा कागद घरात आला की तो सरकारचा असतो किंवा कुठल्यातरी समितीचा, आणि दोन्ही बाबतीत विचार करून सही करायची असते. १९५६ मधे हा भाग म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेला तेव्हापासून लोक हेच शिकलेत, त्यांना दोष कसा देणार. आता पत्र पाठवत नाही, पालकसभेत जाऊन दहा मिनिटं समोर बोलतो, प्रश्नावलीचा नमुना हातात देतो, वाचा म्हणतो. कागद भरभर येतायत.

२० सप्टेंबर

फिनी-ओंगची सहा विधानं. याच्या सुरुवातीला एक रिकामी जागा असते, "मी स्वतःला अमुक समूहातला समजतो" अशी, आणि पुढची सहाही विधानं त्या जागेत जे भरलं त्याबद्दल. अमेरिकेत पोरं तिथं काय भरतील याचा साधारण अंदाज असतो. आमच्याकडं काय आलं: मराठी, मराठा, हिंदू, भारतीय, कन्नडिग, लिंगायत, बेळगावकर, एकानं कबड्डीच्या संघाचं नाव. आणि बऱ्याच जणांनी "थ्री बी".

थ्री बी! हा आरक्षणाचा प्रवर्ग, शाळेच्या दाखल्यावर समूह म्हणून तेच छापलेलं असतं त्यामुळं पोरानं तेच उतरवलं. गंमत अशी की कर्नाटकातल्या थ्री बी मधे मराठाही येतात आणि लिंगायतही, म्हणजे ज्या दोन गटांची ओळख वेगवेगळी मोजायला आम्ही निघालो ते एकाच रकान्यात येऊन बसले. अक्का आणि मी बराच वेळ हसलो, मग कामाला लागलो.

रिकामी जागा काढली. त्याऐवजी आधी एक छोटा तक्ता: आईशी कुठल्या भाषेत बोलतोस, मित्रांशी, दुकानात, देवाजवळ, मोबाइलवर, प्रत्येक ठिकाणी हव्या तितक्या भाषांवर खूण करायची. शहापूरच्या एका पोरानं आईशी मराठी, आजीशी कन्नड, मित्रांशी दोन्ही आणि उर्दू, मोबाइलवर हिंदी असं भरलं आणि अजिबात गोंधळला नाही. मातृभाषा असा एक रकाना दिला असता तर त्याला एक निवडायला लागलं असतं आणि आम्ही ते खरं मानून बसलो असतो. तक्त्यानंतर "यातल्या कुठल्या लोकांना तू आपलं म्हणतोस/म्हणतेस", इथं मात्र तिरकी रेघ चुकवता आली नाही. जात, धर्म, मीडियम ही सगळी माहिती आता शेवटच्या पानावर. आधी विचारली की पुढची सगळी उत्तरं त्याच टोपीखालून येतात.

८ ऑक्टोबर

दसऱ्याची सुट्टी लागायच्या आत चाचणी फेरीचं वेळापत्रक केलं. २५ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर एकाही शाळेत पाय टाकायचा नाही. १ नोव्हेंबरला एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, लाल-पिवळे झेंडे, दुसऱ्या बाजूला मराठी लोकांचा काळा दिवस, सायकल फेरी, पोलिस बंदोबस्त. त्या आठवड्यात "मला माझ्या लोकांचा अभिमान वाटतो" असलं काही विचारलं तर जे मोजलं जाईल ते त्या आठवड्याचं तापमान. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन बेळगावात, तेव्हा रस्तेच बंद असतात. शिवजयंतीच्या चित्ररथाच्या दिवसांतही नको, पण तोवर काम संपलेलं असावं. तारखांचा हा तक्ता पेपरात पद्धतीच्या भागात घालणार आहे, परीक्षक काय म्हणतील ते म्हणू देत.

दुसरी अडचण कन्नड-मराठी प्रतीची. पोराला हवी ती भाषा घेऊ द्यायची हे आधीच ठरलं होतं. पण मिश्र वर्गात "मराठी पाहिजे त्यांनी हात वर करा" म्हटलं की ते उत्तर चाळीस जणांसमोर द्यावं लागतं, आणि पोरं आधी दोस्ताचा हात बघतात. अक्कानं तोडगा काढला: एकच पुस्तिका, एका बाजूनं मराठी, उलटी केली की कन्नड, कोणी कुठली बाजू भरली ते दुसऱ्याला दिसतच नाही. भरून झालं की स्वतःच पाकिटात घालायची, पाकीट स्वतः चिकटवायचं. शिक्षक वर्गाबाहेर, वाचून दाखवायला आमच्याकडची कॉलेजची मुलं.

१८ नोव्हेंबर

चाचणी फेरी झाली. वर्गातला आवाजच वेगळा होता. समास कोणी आखला नाही. एकसारखे पाच लिहिणारे बाक अजून आहेत पण कमी. मराठी घरातली कन्नड माध्यमातली पोरं कन्नड बाजू उघडतात आणि मैत्रीच्या भागात आल्यावर पुस्तिका उलटवून मराठीत जातात, असे बरेच सापडले. हे नियोजनात नव्हतं. अशा पुस्तिका बाद करा असं एक मत आलं, मी जोरात विरोध केला, शाळेबद्दल शाळेच्या भाषेत आणि दोस्ताबद्दल दोस्ताच्या भाषेत बोलणारं पोर हेच इथलं साधं पोर आहे. त्यांचा वेगळा तिसरा गट धरून विश्लेषण करायचं.

मवाळ केलेलं मैत्रीचं विधान मला वाटलं तसंच वागलं, फेरविचाराच्या बाकीच्या दोघांशी त्याचं जमत नाही. मुलांच्या बाबतीत मैत्रीचा फेरविचार हा भाग मोजलाच जात नाही असं लिहायची तयारी ठेवली पाहिजे. निपाणीच्या पोरांना "चौकशी करून बारकावे" हे वाक्य बरोबर पोचलं, खानापूरच्या आतल्या गावात अजून अडखळतायत.

११ डिसेंबर

विश्लेषणाचा आराखडा मॅडमना पाठवला. मराठी गट आणि कन्नड गट यांच्यात प्रश्नावली सारखीच चालते का, हे पायऱ्यांनी तपासायचं. आधी रचना तीच आहे का, मग विधानांचं वजन तेच आहे का, मग सुरुवातीची पातळी तीच आहे का. प्रत्येक पायरीला मॉडेल किती बिघडलं ते बघायचं, सीएफआय (मॉडेल माहितीला किती बसतं ते सांगणारा आकडा) ०.०१ पेक्षा जास्त घसरला नाही तर पुढं जायचं, च्युंग आणि रेन्सवोल्डचा २००२ चा ठोकताळा. दुसऱ्या पायरीपर्यंत टिकलं तर गटाच्या आत कशाचा कशाशी संबंध आहे हे दोन्हीकडं ताडून बघता येतं. सरासरीची तुलना तिसरी पायरी टिकली तरच.

मग मॅडमचा प्रश्न, तिसरी टिकली तर सरासरी छापायची का. इतर कुठं असता तर हा प्रश्नच आला नसता, पेपराचा अर्धा मसाला तोच असतो. पण "मराठी मुलांची कमिटमेंट कन्नड मुलांपेक्षा कमी" किंवा "जास्त", दोन्हीपैकी काहीही आलं तरी दुसऱ्या दिवशी ते कुठल्यातरी पेपरच्या पहिल्या पानावर आणि तिसऱ्या दिवशी कुणाच्यातरी भाषणात. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्यात आमच्या नववीच्या पोरांची पुस्तिका पुरावा म्हणून फिरायला नको. माझं मत स्पष्ट दिलं: संबंध छापायचे, मराठी-कन्नड सरासरी शेजारी शेजारी ठेवायची नाही, आणि ठेवणार नाही हे आकडे बघायच्या आधीच लिहून नोंदवून टाकायचं, म्हणजे नंतर आकडे बघून मोह झाला असं कोणी म्हणायला नको. अक्का लगेच हो म्हणाली. टीममधला एकजण अजून नाराज आहे, त्याचं म्हणणं हे शास्त्र नव्हे, ही भीती. पुढच्या मीटिंगला त्यानं आपला मुद्दा लिहून आणायचा.

२२ डिसेंबर

मुख्य फेरीच्या पुस्तिका छापायला टाकल्या. जानेवारीत निपाणीपासून सुरुवात, मग खानापूर, शहर शेवटी. दहावी वगळली, त्यांच्या पूर्वपरीक्षा लागतात आणि तेव्हा "पुढं काय" विचारलं तर पोरं रडतात. नववी आणि पीयूसी पहिलं वर्ष.

प्रेसवाल्यानं फोन करून विचारलं, बाई गठ्ठे बांधताना कुठली बाजू वर ठेवू. म्हटलं निम्मे असे बांधा, निम्मे तसे. म्हणाला मग बांधणावळ जास्त पडेल. पडू दे म्हटलं, बिलात वेगळं लावा.